सनद कुणाच्या पेटीत?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आम्हा भिवंडीकरांना हळू बोलता येत नाही. दिवसरात्र मागांची खडखड कानावर असते, त्यावर आवाज चढवूनच बोलायची सवय. ध्वनिमुद्रणाच्या आधी मला बजावण्यात आलं, की माईक जवळच आहे, ओरडू नका. तेव्हा बेतानं बोलणार आहे. विषय मात्र लांबचा आहे, अमेरिकेचा. तोही आजच्या अमेरिकेचा नाही. १६०७ पासून १७७६ पर्यंत तिथं इंग्रजांच्या वसाहती होत्या, त्या काळाचा.

निजामपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला हा विषय कुठून सुचला, असं तुम्ही म्हणाल. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावरही गल्लीतली मुलं अडलं की येतात. गेल्या पावसाळ्यात समोरच्या चाळीतली एक मुलगी आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता. वडील मागावर कामाला. तिनं वही माझ्यापुढे ठेवली. वहीत एकाखाली एक शब्द लिहिलेले: चार्टर, जॉइंट स्टॉक, हेडराइट, इंडेन्चर, बर्जेस, प्रोप्रायटर, नॅव्हिगेशन ॲक्ट. शेजारी माणसांची नावं. म्हणाली, "सर, चार वेळा पाठ केलं. पाचव्या वेळी पुन्हा कोरं."

मी म्हटलं, "पाठ करूच नकोस. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तुला माहीत आहे. फक्त मराठीत माहीत आहे." त्या संध्याकाळी तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिला शब्द चार्टर, म्हणजे सनद. इनामाची सनद, वतनाची सनद हे शब्द आपल्याकडे आजोबांच्या तोंडी असत, आणि वकिलाला आजही सनद लागते. राजानं किंवा सरकारनं दिलेला अधिकाराचा लेखी कागद, एवढाच तिचा अर्थ. ३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्लंडच्या राणी एलिझाबेथनं लंडनच्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. तीच आपली ईस्ट इंडिया कंपनी. पुढे १० एप्रिल १६०६ ला राजा जेम्सनं दुसरी सनद दिली, अमेरिकेच्या किनाऱ्यावर वसाहत करण्याची. त्यातून व्हर्जिनिया कंपनी उभी राहिली. आता गंमत पाहा. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर सर थॉमस स्माइथ नावाचा व्यापारी होता. पुढे व्हर्जिनिया कंपनीचा कारभारही कित्येक वर्षं याच माणसाच्या हाती होता. म्हणजे पूर्वेचा आणि पश्चिमेचा, दोन्ही धंद्यांची किल्ली एकाच शेठकडे!

दुसरा शब्द जॉइंट स्टॉक, म्हणजे भागभांडवल. समुद्रापार जहाज पाठवणं एकट्याला झेपत नाही, बुडालं तर घर बसतं. मग दहाजणांनी थोडे थोडे पैसे घालायचे. १६०९ साली व्हर्जिनिया कंपनीचा एक भाग साडेबारा पौंडांना मिळत होता. या दोन्ही कंपन्या धर्मप्रसाराच्या, राजाच्या गौरवाच्या गोष्टी बोलत, पण भागधारक वाट पाहत होते ती नफ्याची.

इथं दोन शब्दांत फरक करायला हवा: वखार आणि वसाहत. त्या काळच्या इंग्रजीत 'फॅक्टरी' म्हणजे कारखाना नव्हे, वखार. माल विकत घ्यायचा, साठवायचा, जहाज आलं की भरायचा. १६०८ साली इंग्रजांचं जहाज सुरतेला लागलं आणि १६१३ मध्ये जहांगीर बादशहाच्या परवानगीनं तिथं त्यांची वखार पक्की झाली. आज भिवंडीच्या चहूबाजूंना मोठमोठी गोदामं आहेत, त्यांच्यापुढं कंटेनरच्या रांगा लागतात. ती पाहणाऱ्याला वखार समजावून सांगावी लागत नाही. माल कुणाचा, गोदाम कुणाचं, आणि पाठीवर खोकी वाहणारा कुठला, हे तिन्ही प्रश्न तेव्हाही तसेच होते. वसाहत ही निराळी गोष्ट. तिथं माणसं राहायला जातात, जमीन धरतात, नांगरतात. वखारीला माल लागतो, वसाहतीला जमीन लागते. आणि जमीन रिकामी नसतेच, तिच्यावर आधीपासून कुणीतरी राहत असतं.

मे १६०७ मध्ये शंभराहून थोडे अधिक इंग्रज व्हर्जिनियात उतरले. राजाच्या नावावरून त्यांनी वस्तीला जेम्सटाउन म्हटलं. त्या मुलखात पॉवहाटन नावाच्या प्रमुखाच्या सत्तेखाली अनेक जमाती नांदत होत्या. इंग्रजांपैकी बऱ्याच जणांना सोनं हवं होतं, शेतीची सवय नव्हती. कॅप्टन जॉन स्मिथ यानं काम करील त्यालाच खायला मिळेल असा शिरस्ता लावला आणि वस्ती कशीबशी टिकवली. तो परत गेल्यावर १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीनं कहर केला. जेम्सटाउनात जेमतेम साठेक माणसं उरली. पोकाहाँटस ही त्याच पॉवहाटनची मुलगी. तिनं मध्ये पडून स्मिथचा जीव वाचवला, ही गोष्ट स्मिथनंच पुढे पुष्कळ वर्षांनी छापली; इतिहासकार तिच्यावर सहसा विसंबत नाहीत. कागदोपत्री पक्कं आहे ते असं: तिनं १६१४ मध्ये जॉन रॉल्फ या इंग्रजाशी लग्न केलं आणि १६१७ मध्ये ती इंग्लंडातच वारली. आणि याच रॉल्फनं व्हर्जिनियात तंबाखूचं पीक यशस्वी केलं. सोनं सापडलं नाही, तंबाखू सापडली.

तंबाखूला मजूर लागतात. इथून वहीतले पुढचे दोन शब्द येतात. हेडराइट म्हणजे डोईमागे जमीन. जो कुणी स्वतःच्या खर्चानं एक माणूस व्हर्जिनियात आणील, त्याला पन्नास एकर. माणूस जितके जास्त आणाल तितकी जमीन जास्त. पण गरीब इंग्रजाकडं जहाजाच्या भाड्याचे पैसे कुठले? त्यानं करार करायचा: भाडं तुम्ही भरा, मी चार ते सात वर्षं तुमच्याकडं राबेन. खाणं आणि कपडा मिळेल, पगार नाही. मुदत संपली की मोकळा. या कराराचं नाव इंडेन्चर.

मुलगी ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे उचल."

मी म्हटलं, "उचलच." आपल्या ऊसतोड कामगाराला, वीटभट्टीवाल्याला, मागावाल्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. आपल्या लोकांनी याच कराराला पुढं आणखी एक नाव दिलं. १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. 'ॲग्रीमेंट'चं गिरमिट झालं आणि ते करणारे गिरमिटिये झाले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये गणपती बसवतात.

इंडेन्चर या शब्दाच्या पोटात 'दात' आहे. करार एकाच चामड्याच्या पानावर दोनदा लिहायचे. मग दोन मजकुरांच्या मधून करवतीच्या दातांसारखी नागमोडी कात्री चालवायची. एक तुकडा मालकाला, एक नोकराला. पुढं तंटा झाला तर तुकडे जोडून पाहायचे. दात जुळले तर कागद खरा. म्हणजे इतक्या गरीब, पगाराविना राबणाऱ्या माणसाच्या हातातही, निदान रीतीप्रमाणे, कागदाची एक बाजू असायची. हे लक्षात ठेवा, मी शेवटी इथंच येणार आहे.

आता साल १६१९. मुलांना मी हे साल पाठ करायला लावतो, कारण एकाच उन्हाळ्यात दोन गोष्टी घडल्या. ३० जुलैला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये वस्त्यावस्त्यांतून निवडून आलेले बावीस प्रतिनिधी बसले. प्रतिनिधीला बर्जेस म्हणत. इंग्रजांच्या अमेरिकेतली ही पहिली निवडलेली सभा. आणि ऑगस्टच्या अखेरीस त्याच किनाऱ्याला एक जहाज लागलं. त्यातून पकडून आणलेली वीसेक आफ्रिकी माणसं धान्याच्या बदल्यात दिली गेली. त्यांच्याशी कुणी करार केला नव्हता. त्यांच्या हाती कागदाचा तुकडा नव्हता. १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या याच सभेनं कायदा केला, की मूल गुलाम की मोकळं हे आईवरून ठरेल. म्हणजे गुलाम बाईचं मूल जन्मताच गुलाम, बाप कुणीही असो. निवडून आलेली सभा आणि जन्माची गुलामी, दोन्ही एकाच अंगणात वाढल्या.

तेवढ्यात दुसऱ्या तऱ्हेचे इंग्रज उत्तरेकडं आले. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेले यात्रेकरू प्लिमथला उतरले. उतरण्यापूर्वी एक्केचाळीस पुरुषांनी एका कागदावर सह्या केल्या, की आपण मिळून कायदे करू आणि ते पाळू. हाच मेफ्लॉवर करार. जहाजातली जवळजवळ निम्मी माणसं पहिल्या हिवाळ्यात मेली. पुढं १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपच्या पुढारीपणाखाली प्युरिटन पंथाचे लोक मोठ्या संख्येनं आले आणि बोस्टन वसलं. धर्माच्या बाबतीत ते कडक. वेगळं बोलणाऱ्या रॉजर विल्यम्सला त्यांनी हद्दपार केलं. त्यानं १६३६ मध्ये ऱ्होड आयलंडची सुरुवात केली आणि धर्मात सरकारनं पडू नये असं ठरवलं. घरी बायकांना जमवून धर्मावर बोलणारी ॲन हचिन्सनही अशीच हाकलली गेली.

पण विन्थ्रॉपच्या लोकांनी एक मोठी हुशारी केली. मॅसॅच्युसेट्स बे कंपनीलाही राजाची सनद होती, तिलाही भागधारक होते. रीत अशी, की सनद लंडनमध्ये ठेवायची आणि भागधारकांची बैठकही तिथंच भरवायची. यांनी सनद पेटीत घातली आणि जहाजात चढवून अमेरिकेला नेली. परिणाम काय झाला? कंपनीची बैठक बोस्टनमध्ये भरू लागली. भागधारकांची सभा हीच हळूहळू राज्याची सभा झाली. नफातोट्याचा हिशेब करायची जागा कायदे करायची जागा बनली.

इथं मी मुलीला थांबवलं आणि म्हटलं, आता आपण मुंबईला जाऊ.

राजा दुसरा चार्ल्स हा १६६० मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला. हा सढळ हातानं सनदा देणारा राजा. १६६३ मध्ये आठ सरदारांना कॅरोलायना दिला. १६६४ मध्ये डचांच्या ताब्यातला मुलूख भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला, दिला, तेच न्यूयॉर्क. १६८१ मध्ये विल्यम पेन या क्वेकरपंथीयाला पेनसिल्व्हेनिया दिला. आणि यांच्या मधोमध, २७ मार्च १६६८ रोजी, पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरताना आंदण मिळालेली आपली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. भाडं वर्षाला दहा पौंड.

या सनदा शेजारी शेजारी ठेवल्या तर मौज वाटते. भाड्याच्या रकमा निरनिराळ्या. ड्यूक ऑफ यॉर्कनं बीव्हर या जनावराची चाळीस कातडी द्यायची, पेननं दोन. पण जमीन कशी धरायची याचा मजकूर पाहा. १६०६ ची व्हर्जिनियाची सनद म्हणते, ही जमीन केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच इथल्या राजाच्या जमिनीसारखी धरावी. म्हणजे सरंजामी चाकरी नाही, नुसता ठरलेला खंड. मुंबईच्या सनदेतही तेच ईस्ट ग्रीनिच! माहीमचे कोळी आणि व्हर्जिनियातले पॉवहाटनचे लोक, दोघांच्या पायाखालची जमीन लंडनच्या एका कागदावर ग्रीनिचला जोडलेली. दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं.

आणखी एक. मुंबईत राहणारी राजाची प्रजा आणि तिथं जन्मणारी तिची मुलं ही इंग्लंडात जन्मल्यासारखीच मानावीत, असंही मुंबईच्या सनदेत लिहिलं होतं. अमेरिकेच्या सनदांतही तसंच. शब्द सारखेच. मग मुंबईचं बोस्टन का झालं नाही?

मला दोन कारणं दिसतात. एक, आजूबाजूचा मुलूख. इंग्रजांना मुंबई मिळाली तेव्हा समोरच्या किनाऱ्यावर बलिष्ठ राज्यं होती. आमची भिवंडी आणि कल्याण शिवाजी महाराजांनी १६५७ मध्येच घेतलं होतं, आणि मराठ्यांचं आरमार याच खाड्यांत आकाराला आलं. पुढं या भागासाठी मोगल आणि मराठे झुंजत राहिले. इंग्रजाला बेटाबाहेर पाय टाकायचा तर कुणाची तरी परवानगी लागत होती. अमेरिकेत देवीसारख्या नव्या रोगांनी गावंच्या गावं ओस पडली. उरलेल्यांशी लढाया झाल्या, १६७५ मध्ये मेटाकॉम या प्रमुखानं न्यू इंग्लंडात मोठी लढत दिली; तरी जमीन हातची जात राहिली.

दुसरं कारण, सनद कुणाच्या पेटीत होती. मुंबईची सनद लंडनमध्ये राहिली. कायदे करायचा अधिकार कंपनीला, आणि कंपनी म्हणजे लंडनमधले भागधारक आणि त्यांचे कारभारी. बोस्टनचा भागधारक बोस्टनच्या रस्त्यानं चालत सभेला जाई. मुंबईच्या भागधारकानं मुंबई पाहिलेलीही नसे. कागदावर मुंबईत जन्मलेलं मूल इंग्लंडातल्या मुलासारखं होतं, पण ते वाचून दाखवायला सनद मुंबईत होती कुठं?

याचा पडताळा दोन बंडांत मिळतो. १६७६ मध्ये व्हर्जिनियात नॅथॅनियल बेकन यानं गव्हर्नर बर्कलीविरुद्ध बंड केलं. सीमेवरच्या जमातींवर गव्हर्नर चाल करत नाही, ही बेकनची तक्रार. पण त्याच्यामागे जमीन न मिळालेले, करारातून सुटलेले मजूर आणि आफ्रिकी गुलामही आले. जेम्सटाउन जाळलं गेलं. मग बेकन आमांशानं मेला. सात वर्षांनी, डिसेंबर १६८३ मध्ये, मुंबईच्या शिबंदीचा कप्तान रिचर्ड केग्विन यानं कंपनीच्या काटकसरीला आणि पगारकपातीला कंटाळून बेट ताब्यात घेतलं. मी कंपनीचा नाही, राजाचा, अशी त्यानं द्वाही फिरवली. संभाजी महाराजांशी स्वतंत्रपणे तहही केला.

आता ही दोन्ही बंडं मिटवायला कोण आलं? थॉमस ग्रँटम नावाचा एकच दर्यावर्दी! मुंबईत त्यानं नोव्हेंबर १६८४ मध्ये केग्विनला माफीची हमी दिली. ती पाळली गेली. केग्विन इंग्लंडला गेला, पुन्हा राजाच्या आरमारात कप्तान झाला. व्हर्जिनियात मात्र १६७७ च्या जानेवारीत शेवटपर्यंत शस्त्र न टाकणारे जे शंभरेक लोक उरले, त्यांत ऐंशी गुलाम होते. ग्रँटमनं त्यांना स्वातंत्र्याचं वचन दिलं, होडीत चढवलं आणि तोफेच्या धाकाखाली मालकांच्या हवाली केलं. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. कप्तानाला दिलेला शब्द टिकला, गुलामाला दिलेला टिकला नाही. या बंडानंतर मळेवाल्यांनी करारी मजुरांऐवजी गुलामांवर अधिक भर दिला, असं अनेक इतिहासकार मानतात.

मुलीच्या वहीत राहिलेले शब्द आता भरभर घेऊ. वसाहतींचे तीन प्रकार. रॉयल म्हणजे खालसा, राजानं नेमलेल्या गव्हर्नरची. प्रोप्रायटरी म्हणजे जहागीर, पेनसारख्या एका घराण्याची. तिसरी सनदी, जिथं वसाहतवाले स्वतःच गव्हर्नर निवडत. १७७६ साली तेरा वसाहतींपैकी आठ खालसा, तीन जहागिरी आणि दोन सनदी होत्या. कनेटिकट या सनदी वसाहतीची एक आख्यायिका आहे. १६८७ मध्ये राजाचा माणूस सनद परत न्यायला आला, तेव्हा मेणबत्त्या विझल्या आणि अंधारात कुणीतरी सनद पळवून एका ओकच्या झाडाच्या ढोलीत लपवली. ते झाड १८५६ च्या वादळात पडलं. आख्यायिका खरी असो नसो, कागदाची किंमत लोक ओळखून होते.

नॅव्हिगेशन ॲक्ट म्हणजे जहाज वाहतुकीचे कायदे, १६५१ पासूनचे. वसाहतीचा माल इंग्रजी जहाजांतूनच जायचा आणि तंबाखू, साखर, नीळ असा नेमलेला माल इंग्लंडलाच किंवा इंग्रजांच्या दुसऱ्या वसाहतीतच उतरायचा. पाठोपाठ, वसाहतीत तयार झालेलं लोकरी कापड बाहेर विकायला १६९९ मध्ये बंदी, टोप्यांवर १७३२ मध्ये. आपण विणकरांच्या गावातले, आपल्याला हे पटकन कळतं. कारण त्याच काळात, १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी इंग्लंडनं आपलं छापील सुती कापड स्वतःच्या बाजारातून हद्दपार केलं. अमेरिकेला आणि आफ्रिकेला विकायला मात्र मुभा ठेवली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हेच कापड देऊन गुलाम घेतले जात. आपल्या विणकरानं विणलेला ताणाबाणा कुठकुठल्या व्यवहारात गेला, पाहा.

मग १७६५. फ्रेंचांशी झालेल्या युद्धाचं कर्ज इंग्लंडच्या डोक्यावर होतं. मार्चमध्ये स्टँप ॲक्ट झाला: वसाहतीत करार, वर्तमानपत्र, पंचांग, सगळ्यांना मुद्रांकाचा कागद. वसाहतवाले म्हणाले, आमचा प्रतिनिधी पार्लमेंटात नाही, तर करही नाही. बायकांनी चरखे काढले, घरी विणलेलं जाडंभरडं कापड अभिमानानं वापरलं. पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. आणि त्याच १७६५ च्या ऑगस्टमध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क. तिथं 'प्रतिनिधी नाही तर कर नाही' असं म्हणायला सभा कुठली? १७७० मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. कंपनी डबघाईला आली. तिला सावरायला १७७३ मध्ये पार्लमेंटनं तिचा चहा अमेरिकेत स्वस्तात विकायची सोय करून दिली, चहावरचा कर मात्र ठेवला. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनकरांनी बंदरात चहाच्या ३४२ पेट्या बुडवल्या. चहा चीनचा, पण कंपनी आपलीच ओळखीची.

पुढची सालं जोडीनं लक्षात ठेवा. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि इंग्रज-मराठा युद्धाची ठिणगी पडली. एप्रिलमध्ये लेक्झिंग्टनला अमेरिकेच्या युद्धाची पहिली गोळी सुटली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेनं मराठ्यांपुढं हात टेकले. डिसेंबर १७८० मध्ये आमच्या शेजारचा वसईचा किल्ला इंग्रजांनी घेतला. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिस वॉशिंग्टनला शरण गेला. तिथं हरलेला हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये इकडं गव्हर्नर जनरल होऊन आला आणि त्यानं बंगालमध्ये जमिनीचा कायमधारा ठरवला.

तिकडच्या स्वातंत्र्याचं कौतुक करताना एक विसरू नये. सनद पेटीत घालून नेणाऱ्यांनी ती बायकांना, गुलामांना, मूळच्या लोकांना वाचू दिली नाही. त्यांना ती वाचायला मिळेपर्यंत आणखी फार काळ गेला.

वही भरली होती. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढं तिनं मराठी शब्द लिहिला होता: सनद, भाग, वखार, उचल, खालसा, जहागीर. उठता उठता ती थांबली. म्हणाली, "सर, अब्बांनी दादीच्या आजारपणात उचल घेतली, तेव्हा स्टँपपेपरवर सही केली होती. त्याचा दुसरा तुकडा आमच्याकडं नाही."

मी विचारलं, "झेरॉक्स?"

"नाही. कागद शेठकडंच आहे."

उचल देणं हा गुन्हा नाही. पण उचलीपायी माणसाला कामाला बांधून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. हे मी तिला सांगितलं. पण आधी कागदात काय आहे ते कळलं पाहिजे. म्हटलं, भांडायला जाऊ नका. सणाच्या दिवशी जाऊन सलाम करा आणि प्रत मागा.

आठ-दहा दिवसांनी ती आणि तिचे वडील दोघंही आले. शेठनं काही न बोलता झेरॉक्स दिली होती. वडील दाराशीच बसले, कागद तिच्या हातात. तिनं मोठ्यानं वाचला, मागांच्या आवाजावर आवाज चढवून. रक्कम बरोबर होती. नाव बरोबर होतं. मुदतीची जागा कोरी होती.

वडिलांनी तो कागद परत मागून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. म्हणाले, "आता ही जागा भरून आणतो."